फिलिपिनो लिहिताना जोर आणि घशातला बंद चुकतोय? आधी हे तपासा

मनिलात वैद्यकीय शिक्षणाला आलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या तागालोगच्या वह्या आणि शब्दयाद्या माझ्याकडे तपासायला येतात. फिलिपिनो ही इथली राष्ट्रभाषा तागालोगवरच उभी आहे. दर वर्षी नवी मुलं, पण दुखणं तेच. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, आणि डोक्यावरची खूण एक तर गायब किंवा भलतीच. वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं की मग कळतं, की 'लाबी' म्हणजे ओठही होतो आणि 'लाबी' म्हणजे मृताचं पार्थिवही. खूण न लावता लिहिलं तर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात.

पुढची उदाहरणं देवनागरीत देते आहे. ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्यापुढे ऽ. शब्दाच्या शेवटी घसा बंद होत असेल, म्हणजे ज्याला ग्लॉटल स्टॉप म्हणतात तो असेल, तिथे ॽ. हे दुसरं चिन्ह युनिकोडच्या देवनागरीत लिंबू भाषेसाठी घातलेलं आहे. तुम्हाला तिथे चौकोन दिसत असेल तर फोनच्या फाँटमध्ये ते नाही, बाकी काही बिघडलेलं नाही. घशातला बंद म्हणजे काय ते समजायला भरलेली बादली उचलून बघा. उचलण्याआधी श्वास घशात क्षणभर अडकतो, तोच हा. मराठीत हा वेगळा वर्ण नाही, म्हणून आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

लक्षणं

यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढे वाचा.

यादीत एकाच स्पेलिंगसमोर दोन-तीन अर्थ आहेत आणि कुठला उच्चार कुठल्या अर्थाचा ते तुम्हालाच आठवत नाही. 'तुबो'समोर पाइप, ऊस आणि व्याज, तिन्ही लिहिलेलं असतं.

समोरचा माणूस तुमचं वाक्य ऐकून आधी हसतो, मग समजून घेतो. 'बुऽकास' म्हणजे उद्या, 'बुकाऽस' म्हणजे उघडं. दवाखाना उघडा आहे का असं विचारायला जावं आणि उद्या आहे का असं विचारून यावं. इथल्या सारी-सारी दुकानांत, म्हणजे गल्लीतल्या वाण्याकडे, 'आज उधार नाही, उद्या चालेल' अशा अर्थाची पाटी असते. आपल्याकडच्या 'आज रोख, उद्या उधार'ची ही सख्खी बहीण. त्यातला बुकास मात्र नेहमी उद्याचाच.

देवनागरीत टिपण काढताना तुम्ही शेवटच्या बंदासाठी विसर्ग लावता. मग वाचताना 'बाताः' असं हकारयुक्त काहीतरी तोंडातून येतं. विसर्गात हवा बाहेर सुटते, बंदात ती अडते. दोन्ही क्रिया एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

टाइप केलेल्या मजकुरात 'य'साठीच्या रोमन अक्षरावर अचानक तिरकी रेघ उगवते. एक्सेलमध्ये फाइल उघडली की खुणेच्या जागी दोन-दोन विचित्र चिन्हं दिसतात. शब्द समोर दिसतोय, पण शोधल्यावर सापडत नाही.

आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे प्रत्येक शब्दावर खूण असणं. दिसायला काम नीट झालेलं वाटतं, पण निम्म्या खुणा अंदाजाने लावलेल्या असतात.

मुळात प्रश्न दोन आहेत

तपासण्या सुरू करण्याआधी एवढं पक्कं करा, नाहीतर पुढचं डोक्यात बसणार नाही. शब्दाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे. जोर उपांत्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर की शेवटच्या? आणि शेवटी घसा बंद होतो की नाही? दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणून शब्दांचे चार प्रकार.

जोर उपांत्य, बंद नाही: मालुमाय. याला खूण लागत नाही. बाऽता, म्हणजे झगा.

जोर उपांत्य, शेवटी बंद: मालुमी. शेवटच्या स्वरावर पाइवा, डावीकडून खाली घसरणारी रेघ (`). बाऽताॽ, म्हणजे मूल.

जोर शेवटी, बंद नाही: माबिलिस. पाहिलिस, उजवीकडे वर चढणारी रेघ (´). बाताऽ, म्हणजे सोसणं.

जोर शेवटी आणि बंदही: मारागसा. पाकुप्या, म्हणजे टोपी (^). बासाऽॽ, म्हणजे ओलं. यातला बंद आणि जोर दोन्ही काढले की उरतं बाऽसा, म्हणजे वाचन.

या खुणांना मिळून तुल्दिक म्हणतात. लोपे के. सांतोस यांच्या 1940 च्या राष्ट्रभाषेच्या व्याकरणातून ही पद्धत शाळाशाळांत गेली. त्यात एक गोम आहे, आणि बहुतेक चुका तिच्यामुळेच होतात. एकच खूण दोन प्रश्नांची उत्तरं एकदम देते. पाइवा दिसला की मुलं 'जोर शेवटी' असं वाचतात, कारण खूण शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेली असते. प्रत्यक्षात पाइवा सांगतो, की शेवटी बंद आहे आणि जोर त्याच्या आधीच्या अक्षरावर आहे. खूण एका जागी आणि जोर दुसऱ्या. हे एकदा नीट कळलं की अर्ध्या चुका तिथेच संपतात.

पहिली तपासणी: खूण हवीच आहे का?

फुकटची तपासणी, म्हणून आधी. मनिलातली वर्तमानपत्रं, बसवरच्या पाट्या, मित्रांचे मेसेज, यांत तुल्दिक जवळजवळ नसतोच. वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं. आपणही 'जग' एकच लिहितो, पण 'जग फिरून आला' आणि 'तू सुखाने जग' यांतला ज वेगळा म्हणतो. कुणी त्यासाठी नुक्ता मागत नाही.

म्हणून तुमचा मजकूर मेसेज असेल, सूचना असेल, इथल्या माणसाला लिहिलेलं पत्र असेल, तर सगळ्या खुणा काढून टाका. काम झालं. खूण लागते ती शिकणाऱ्याच्या यादीत, शब्दकोशात, मोठ्याने वाचायच्या मजकुरात, आणि एका स्पेलिंगचे दोन अर्थ खरोखरच गोंधळ घालतील तिथे. कोमिस्योन सा विकांग फिलिपिनो ही 1991 च्या कायद्याने स्थापन झालेली सरकारी भाषा-संस्था. तिच्या लेखननियमांचा रोखही असाच आहे: संदिग्धता टाळायला खूण वापरा.

माझं मत याहून थोडं कडक आहे. खात्री नसलेली खूण लावण्यापेक्षा खूण न लावलेली बरी. खूण नसली तर वाचणारा संदर्भ बघतो. चुकीची असली तर तो तुमच्यावर विश्वास ठेवून चुकीचं वाचतो.

दुसरी तपासणी: आडवी रेघ आणि वरचा स्वल्पविराम

शब्दाच्या मध्ये येणारा बंद तुल्दिकने दाखवत नाहीत. व्यंजनानंतर लगेच बंद आणि मग स्वर असेल तर तिथे आडवी रेघ, म्हणजे हायफन देतात. ही रेघ सजावटीची नाही. 'माग-आलिस' म्हणजे काढून टाकणं. रेघ गेली की 'मागालिस', म्हणजे खरजेने भरलेला. पट्टी काढायची आहे असं लिहायला जाल आणि पेशंटला खरूज आहे असं लिहून ठेवाल. 'नाग-इसा' म्हणजे एकटा पडला. 'नागिसा' म्हणजे फोडणीत परतला गेला. मुलांना हे उदाहरण सांगितलं की ते कायमचं लक्षात राहतं.

दोन स्वरांच्या मध्ये बंद असेल तर काहीच लिहीत नाहीत. 'पाआऽ' म्हणजे पाय. तिथे दोन स्वर शेजारी दिसले की मध्ये घसा बंद करायचा, हे वाचणाऱ्याने गृहीत धरायचं. तिथे रेघ घालू नका.

वरचा स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रफी, बंद दाखवायला वापरू नका. परदेशी व्याकरणांत आणि भाषाशास्त्राच्या लेखांत तो तसा दिसतो, पण इथल्या लेखनात त्याचा अर्थ गळलेलं अक्षर. 'आको आय'चं 'आको'य' होतं तेव्हा तो येतो. एकाच यादीत दोन्ही अर्थांनी वापरलात तर महिनाभराने तुमची यादी तुम्हालाच वाचता येणार नाही.

तिसरी तपासणी: कीबोर्ड

विंडोजवर बहुतेक जण युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल हा कीबोर्ड लावतात. चांगला आहे, मीही तोच वापरते. वरचा स्वल्पविराम दाबून स्वर दाबला की पाहिलिस, टॅबच्या वरची कळ दाबून स्वर दाबला की पाइवा, शिफ्ट आणि 6 दाबून स्वर दाबला की पाकुप्या. पण या कळा दाबल्यावर लगेच काही उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघतात. त्यामुळे 'आको'य' टाइप करायला गेलं की स्वल्पविराम आणि 'य'चं रोमन अक्षर एकत्र होऊन रेघवाला 'य' तयार होतो. वर लक्षणांत सांगितलेली ती उगवलेली रेघ हीच. फिलिपिनोत 'य'वर तुल्दिक येतच नाही, म्हणून असं अक्षर कुठेही दिसलं की समजा, कीबोर्डचा प्रताप आहे. उपाय सोपा: स्वल्पविरामानंतर एकदा स्पेसबार दाबा, स्वल्पविराम एकटा उमटेल, मग पुढचं अक्षर. जुन्या फाइलींत फाइंड-रिप्लेसने रेघवाला 'य' शोधून सगळे एकदम दुरुस्त होतात.

मॅकवर ऑप्शन आणि 'ई' दाबून मग स्वर, म्हणजे पाहिलिस. ऑप्शन आणि टॅबच्या वरची कळ, म्हणजे पाइवा. ऑप्शन आणि 'आय', म्हणजे पाकुप्या. फोनवर स्वर दाबून धरला की पर्याय वर येतात. तिथे बोट सरकून चढती-उतरती रेघ अदलाबदल होणं फार सहज घडतं, आणि छोट्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. फोनवरून केलेली यादी एकदा तरी मोठ्या फाँटमध्ये बघाच. या एका मिनिटाच्या कामाने पुष्कळ चुका पकडल्या जातात.

चौथी तपासणी: फाइल

चुका तुमच्या डोक्यात नसून फाइलीतही असू शकतात. खुणेच्या जागी दोन विचित्र चिन्हं दिसत असतील तर फाइल यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत जतन झालेली आहे आणि उघडणारा प्रोग्राम ती जुन्या पद्धतीने वाचतोय. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइलीवर डबल-क्लिक करून उघडलं की हे नेहमी होतं. डबल-क्लिक करू नका. डेटा मेनूतून मजकूर आयात करा आणि तिथे यूटीएफ-8 निवडा. विचित्र दिसणारी फाइल मात्र चुकूनही सेव्ह करू नका, नाहीतर कचराच पक्का होऊन बसतो.

शोधूनही शब्द सापडत नसेल तर कारण दुसरं असतं. खुणेसह स्वर दोन प्रकारे साठवता येतो: एकाच तयार अक्षराच्या रूपात, किंवा साधा स्वर अधिक वरून चिकटवलेली खूण. दिसायला तंतोतंत एक. तपासायची युक्ती अशी: कर्सर त्या अक्षराच्या लगेच पुढे ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. अख्खं अक्षर गेलं तर ते तयार रूप. फक्त खूण गेली आणि स्वर मागे उरला तर चिकटवलेली. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला की अशी मिसळ होते. सगळी यादी एनएफसी नावाच्या एकाच, म्हणजे तयार अक्षरांच्या, रूपात आणून ठेवा. युनिकोड नॉर्मलायझेशनची साधनं ते एका झटक्यात करून देतात.

पाचवी तपासणी: शब्दकोश, आणि त्याची पद्धत

आता खरा उच्चार. शब्दकोश बघा, पण आधी त्याच्या सुरुवातीची पानं वाचा, कारण सगळे कोश एकाच पद्धतीने खुणा लावत नाहीत. सांतोसांच्या जुन्या पद्धतीत मालुमाय शब्दाला खूण नसते. काही कोश मात्र त्यालाही उपांत्य स्वरावर पाहिलिस लावतात, म्हणजे 'बुऽहाय', जीवन, यात पहिल्या स्वरावर खूण दिसते. 'बुहाऽय', जिवंत, यात दुसऱ्यावर. दोन्हीकडे खूण तीच, फक्त जागा वेगळी. या कोशातले शब्द बिनखुणेच्या पद्धतीच्या यादीत तसेच उतरवलेत तर एकाच यादीत दोन कायदे चालू होतात. एक पद्धत निवडा आणि यादीच्या डोक्यावर ती लिहून ठेवा.

कोश हाताशी नसेल तर एक मोफत ठोकताळा. उपांत्य अक्षर व्यंजनावर संपत असेल, म्हणजे आपल्या भाषेत त्या जागी जोडाक्षर दिसत असेल, तर मूळ तागालोग शब्दात जोर बहुधा शेवटी असतो. बुन्दोऽक, डोंगर. ताक्बोऽ, धावणं. हिन्दिऽॽ, नाही. पिन्तोऽॽ, दार. अपवाद आहेत: 'मिऽन्सान', म्हणजे एकदा, किंवा 'सिऽन्को', 'कुवेऽन्तो' यांसारखे स्पॅनिशमधून आलेले शब्द. ठोकताळ्याने फक्त जोर कळतो. शेवटी बंद आहे की नाही, ते तो सांगत नाही. 'ताक्बो'ला बंद नाही आणि 'पिन्तो'ला आहे, हे त्यावरून ओळखता येणार नाही.

सहावी तपासणी: 'ह' येतो का बघा

आता माझी सगळ्यात आवडती तपासणी. ही कळली की कोश दर वेळी उघडावा लागत नाही. शब्दाला '-इन' किंवा '-आन' प्रत्यय लावून तयार झालेला, तुम्हाला आधीच माहीत असलेला शब्द आठवा. मध्ये 'ह' आला असेल तर मूळ शब्दाच्या शेवटी बंद नव्हता. 'ह' न येता दोन स्वर शेजारी उभे राहिले असतील तर बंद होता.

'बाऽसा', वाचन, यावरून 'बासाऽहिन', वाचणं. 'ह' आला, बंद नाही. 'बासाऽॽ', ओलं, यावरून 'बासाइऽन', ओलं करणं. 'ह' नाही, म्हणजे बंद आहे. 'तुबोऽ', ऊस, यावरून 'तुबुहाऽन', उसाचा मळा. बंद नाही. 'सुऽसिॽ', किल्ली, यावरून 'सुसिऽआन', कुलपाचं भोक. बंद आहे. 'बाऽताॽ', मूल, यावरून 'काबाताऽआन', तरुणाई. 'ह' नाही, म्हणून मुलाच्या शब्दावर पाइवा.

असं का होतं? शब्द स्वरावर संपतोय असं लिहिताना दिसतं, पण उच्चारात त्याच्या शेवटी काही ना काही असतंच: एक तर घसा बंद होतो, नाहीतर श्वासाचा अगदी हलका 'ह' असतो. एरवी तो 'ह' लिहीतही नाहीत आणि ऐकूही येत नाही. प्रत्यय लागला की तो उघडा पडतो. वॉर्डात याचा सरळ उपयोग आहे. 'सुऽका' म्हणजे उलटी आणि 'सुऽकाॽ' म्हणजे व्हिनेगर. जोर दोन्हीकडे एकाच जागी, फरक फक्त शेवटच्या बंदाचा. पेशंटने 'सुका' म्हटलं की संदर्भाने कळतं, पण तुमच्या यादीत पाइवा कुणाच्या डोक्यावर ठेवायचा हे 'ह' सांगतो. उलटी करायच्या भांड्यासाठीचा शब्द 'सुकाहान', व्हिनेगर ठेवायच्या बाटलीचा 'सुकाआन'.

आणखी एक फायदा. प्रत्यय लागल्यावर जोर एक घर पुढे सरकतो, पण प्रकार बदलत नाही. उपांत्य जोराच्या 'बाऽसा'चं 'बासाऽहिन' उपांत्यच राहतं, शेवटच्या जोराच्या 'बासाऽॽ'चं 'बासाइऽन' शेवटचंच. म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच शब्दातून मिळतात.

मात्र बघताना घाई नको. काही शब्दांत प्रत्यय लागताना मधला स्वर गळतो आणि 'ह' व्यंजनाला जाऊन चिकटतो. 'बिलिऽ', विकत घेणं, याचं 'बिल्हिऽन' होतं, 'साराऽ', बंद करणं, याचं 'सार्हाऽन'. 'ह' तिथेही आहे, फक्त नेहमीच्या जागी नाही.

सातवी तपासणी: मागे जोडलेला 'ङ'

ही चूक शिकून शिकून खुणा लावणाऱ्यांची. नवख्यांच्या हातून ती होतच नाही, कारण ते खूणच लावत नाहीत. विशेषण आणि नाम जोडायला स्वरान्त शब्दाच्या मागे 'ङ' लागतो. तो लागला की घसा बंद व्हायची जागाच उरत नाही, त्याबरोबर बंदाची खूणही जायला हवी. 'वालाऽॽ', नाही या अर्थाचा, पाकुप्या असलेला शब्द, जोडताना 'वालाऽङ' होतो, आणि टोपीऐवजी साधा पाहिलिस राहतो. 'बाऽताॽ'चं 'बाऽताङ' होतं, तिथे पाइवा गेला आणि काहीच खूण उरली नाही. मूळ शब्द कॉपी करून मागे 'ङ'ची दोन रोमन अक्षरं चिकटवली, की पाइवा तसाच राहतो आणि चूक होते. यादीत फाइंड लावून खुणेनंतर लगेच 'ङ' कुठे कुठे आलाय ते बघा. पाइवा किंवा पाकुप्या दिसला की समजा, चुकलं.

आठवी तपासणी: कान

आता वेळखाऊ काम. इथल्या माणसाला विचारायचं. पण कसं विचारता यावर सगळं अवलंबून आहे. वाक्याच्या मध्ये मनिलाकडचे लोक शेवटचा बंद सर्रास गाळतात. 'हिन्दिऽॽ' हा शब्द एकटा म्हटला की बंद ठणठणीत ऐकू येतो, पण 'हिन्दि पोॽ', म्हणजे 'नाही हो', यात पहिल्या शब्दाचा बंद जातो आणि शेवटच्या 'पोॽ'चा राहतो. म्हणून रेकॉर्डिंग ऐकून खूण ठरवायची असेल तर तो शब्द वाक्याच्या शेवटी आलेला तुकडा शोधा. किंवा सरळ म्हणा, 'एवढाच शब्द म्हणून दाखवा ना.' आणि 'हे असं आहे की तसं?' असं विचारू नका. माणसं सौजन्याने 'ओओ', हो, म्हणतात. दोन चित्रं दाखवा, झाड आणि भरलेला ग्लास, आणि कुठलं काय ते म्हणायला सांगा. 'पुऽनोॽ' आणि 'पुनोऽॽ' आपोआप वेगळे ऐकू येतील.

आपल्या कानाचा एक गुण इथे कामाला येतो. तागालोगमध्ये उपांत्य जोराचा मोकळा स्वर लांब होतो, आणि मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घ बरोबर ऐकू येतं. 'बुकास'मधला 'बु' लांबला तर उद्या, नाही लांबला तर उघडं. बंदासाठी मात्र कानावर विसंबू नका, 'ह'ची तपासणीच करा.

शिवाय तो माणूस मूळचा कुठला ते विचारा. बातांगासकडच्या तागालोगमध्ये काही शब्दांत मनिलात गेलेले बंद अजून शाबूत आहेत. तिकडचा माणूस 'गाब-इ' म्हणेल, रात्र, आणि मनिलात तेच 'गाबिऽ' म्हणतात. दोघंही बरोबर आहेत, पण तुमची यादी एकाच बोलीची असायला हवी.

इथे थांबा, माणूस गाठा

पेशंटची संमतीपत्रं, औषधांच्या सूचना, कोर्टाचे कागद: यांवर तुम्ही स्वतः तुल्दिक लावायचा नाही आणि काढायचाही नाही. तिथे दुभाष्या किंवा इथला भाषा-संपादकच हवा. तुमच्या सगळ्या तपासण्या बरोबर आल्या तरीही.

लांबलचक क्रियापदं आली की थांबा. एकाच स्पेलिंगचं नाम आणि भविष्यकाळ असा जोडा तिथे सर्रास असतो, आणि पहिल्या अक्षराची पुनरुक्ती झाली की त्या अक्षरावर दुसरा जोर येतो. 'मांगागामोत' म्हणजे डॉक्टर, पण 'उपचार करेल' या अर्थाने तोच शब्द आला की जोराची घडी बदलते. इथे वरचे ठोकताळे चालत नाहीत. व्याकरण शिकवणाऱ्याकडे जा.

माणसांच्या आणि गावांच्या नावांवर तुल्दिक लावू नका. ज्याचं नाव आहे त्याने लिहिलं तसंच लिहा.

तुम्ही मनिलाबाहेर असाल तर आधी भाषा कुठली आहे तेच बघा. दावाओमध्ये बरीच भारतीय मुलं शिकतात, पण तिथे रस्त्यावर सेबुआनो चालते. तिच्यातही घशातला बंद आहे, पण शब्द वेगळे आणि जोराच्या सवयी वेगळ्या. तागालोगची यादी तिथे नेऊन लावू नका. इलोकानो आणि पांगासिनानसारख्या भाषांत आपल्या 'अ'च्या जवळचा एक स्वर आहे. त्यासाठी 2013 च्या लेखननियमांत पातुल्दोक ही चौथी खूण आली, स्वरावर दोन टिंबं. बागियोच्या फुलांच्या उत्सवाच्या नावात, पानागबेंगात, ती दिसते. फिलिपिनो मजकुरात तुम्हाला ती भेटली तर छापील चूक समजून पुसू नका, पण स्वतःहून कुठे लावूही नका. कुठे लावायची ते त्या भाषेच्या माणसाला विचारा.

कविता किंवा पाठ्यपुस्तक छापायला जाणार असेल तर कोमिस्योनशी सरळ पत्रव्यवहार करा. अशा शंकांची उत्तरं देणं हे तिच्या कामातच येतं. पाठवताना शब्द एकटा पाठवू नका, पूर्ण वाक्य पाठवा आणि तुम्हाला अपेक्षित अर्थ शेजारी लिहा. नुसतं 'तुबो' लिहून पाठवलंत तर पाइप, ऊस आणि व्याज असं तिन्ही उत्तरात येईल, आणि ते बरोबरच असेल.